सांगणाऱ्या पुष्कळ, ऐकणारी कोण?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक बाई हप्ता भरायला आली. पैसे मोजून ठेवले आणि वहीवर सही करता करता तिचा हात थांबला. नवरा गोव्यात कामाला, पंधरा दिवसांनी घरी येतो आणि येतो तेव्हा पिऊन येतो. सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगी दहावीला. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. ती एवढेच म्हणाली, "माका आता सगळा नको झाला."

आम्ही बाराजणी होतो. एकदम सगळ्या बोलायला लागलो. "सोस गो बायो, दिवस जातले, सगळा बरा होतला." दुसरी म्हणाली, मी काय कमी सोसले? तिसरीने देवाला कौल लावायला सांगितले. चौथी म्हणाली, मुलीच्या तोंडाकडे बघ आणि गप राहा. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तिने डोळे पुसले, छत्री उचलली आणि गेली. पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही.

मग आमच्या लक्षात आले. बाराजणींनी तिला काही ना काही सांगितले, पण 'नको झाला' म्हणजे नेमके काय झाले, हे एकीनेही विचारले नाही.

म्हणून आज आपण समुपदेशनाची गोष्ट करणार आहोत. हा शब्द आता सरकारी फलकांवर, दवाखान्यात, शाळेत सगळीकडे दिसतो. शब्दात 'उपदेश' आहे, म्हणून आपल्याला वाटते, कोणीतरी शिकलेली बाई आपल्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणार. पण या कामाचा इतिहास पाहिला तर तो उलट दिशेने गेलेला दिसतो. सांगणे हळूहळू कमी होत गेले आणि ऐकणे वाढत गेले.

सुरुवात शेजारूनच करू. आपला दोडामार्ग तालुका गोव्याला खेटून. बाजाराला आपण डिचोली, म्हापशाला जातो, मोठे दुखणे आले की बांबोळीला. कधी पणजीला गेलात, तर मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा बघा. लांब झगा घातलेला एक माणूस हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई भान हरपून पडते आहे. हे आबे फारिया. १७५६ साली कांदोळीला जन्मलेले, पुढे पाद्री झालेले आणि पॅरिसला राहिलेले. पुतळा १९४५ साली शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केला. पुतळा बघून वाटते, या माणसाच्या हातातून काहीतरी शक्ती निघते आहे आणि ती बाईला झोपवते आहे. त्या काळी युरोपातही लोकांची अशीच समजूत होती. फारियांनी १८१३ साली पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग सुरू केले आणि सांगितले, माझ्यात कसलीही शक्ती नाही. जे काही घडते ते समोरच्या माणसाच्या मनात घडते, मी फक्त निमित्त.

त्यांच्याबद्दल गोव्यात एक गोष्ट सांगतात. तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करायची वेळ आली आणि त्यांची बोबडी वळली. तेव्हा जवळ असलेले वडील हळूच कोकणीत म्हणाले, ही सगळी भाजी रे, कातर ही भाजी. आपल्या भाषेतले, आपल्या माणसाचे तेवढे शब्द कानावर पडले आणि भीती गेली. गोष्ट खरी असो वा रचलेली, आपल्याला ती पटते. घाबरलेल्या माणसाला आधी धीर लागतो, आणि तो आपल्या भाषेत लागतो.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्या काळी ब्राह्मण समाजात लहानपणी विधवा झालेल्या मुलीला दुसरे लग्न नव्हते. घरातल्याच कोणा पुरुषाकडून तिच्यावर प्रसंग ओढवला आणि दिवस गेले, तर तिच्यापुढे दोनच वाटा उरत. एक तर जन्मलेले मूल मारायचे, नाहीतर स्वतः मरायचे. फुले दांपत्याने उघड जाहीर केले की अशा बाईने आमच्याकडे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे.

तेव्हा समुपदेशन हा शब्द कोणी वापरत नव्हते. पण या कामाच्या दोन मोठ्या खुणा तिथे दिसतात. आलेल्या बाईला 'तू असे का केलेस' हा प्रश्न नव्हता, आणि तिचे नाव बाहेर जात नव्हते. अशाच एका विधवेचे, काशीबाईंचे मूल फुल्यांनी दत्तक घेतले. तोच यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंच्या बरोबरीने रोग्यांची सेवा केली. त्याच प्लेगने सावित्रीबाई गेल्या. दोष न देता दार उघडले, म्हणून एका बाईचा आणि एका मुलाचा जीव राहिला. त्या मुलाने पुढे किती जीव जपले असतील!

पुढची गोष्ट दूरच्या इंग्लंडातली आहे, पण ती ऐकून आपल्याला आपल्याच वाडीतली कोणी मुलगी आठवेल. १९३५ साली चॅड व्हारा नावाच्या तरुण पाद्र्यावर पहिल्यांदाच अंत्यविधी करायची वेळ आली. मेलेली मुलगी चौदा वर्षांची होती. तिला पाळी सुरू झाली होती. घरात कोणी काही सांगितले नव्हते. रक्त बघून तिला वाटले, आपल्याला लाजिरवाणा रोग झाला. विचारायला कोणी नव्हते, म्हणून तिने जीव दिला. मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारायला माणूस मिळाला असता तर ती मुलगी वाचली असती.

व्हारांच्या मनातून ती मुलगी गेली नाही. १९५३ साली, लंडनच्या एका चर्चमध्ये असताना, त्यांनी एक फोन क्रमांक जाहीर केला. जीव नकोसा झालेल्याने या क्रमांकावर बोलावे. फोन येऊ लागले, माणसेही येऊ लागली. पाद्रीबाबांना भेटायला रांग लागायची. मदतीला आलेले साधे स्वयंसेवक त्या रांगेतल्या लोकांना चहा देत आणि त्यांच्याशी बोलत बसत. काही दिवसांनी व्हारांना दिसले की चहा पिता पिता मन मोकळे केलेली पुष्कळ माणसे त्यांना न भेटताच बरी होऊन परत जात होती. त्यांना उपदेश नको होता. कोणीतरी मध्ये न तोडता ऐकायला हवे होते. काही महिन्यांतच व्हारांनी ते काम स्वयंसेवकांच्याच हाती सोपवले. त्यातून 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. आज जगभर ज्या मदतवाहिन्या चालतात, त्यांच्या मुळाशी हा चहाचा कप आहे.

आपल्याकडे बायकांनी बोलावे, यासाठी जागा उभी राहिली ती १९८० च्या सुमारास. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ साली तिथे पती निर्दोष सुटला. कायद्याचा निकाल तो लागला. पण मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे त्या खटल्यात पुढे आली होती. सासरी होणारी घुसमट तिने पत्रांत मांडली होती. तिने सांगितले नव्हते असे नाही. पण सांगितल्यावर पुढे जायचे कुठे?

त्या वेळी 'स्त्री' मासिकाच्या संपादक असलेल्या विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला आणि 'मी एक मंजुश्री' नावाचे प्रदर्शन गावोगावी नेले. प्रदर्शन बघायला आलेल्या बायका नुसत्या बघून जात नसत. बाजूला येऊन आपलीच कहाणी सांगत. त्यांचे ऐकून घ्यायला कायमची जागा हवी, म्हणून 'बोलते व्हा' हे केंद्र सुरू झाले. नाव बघा किती साधे आहे. आम्ही सांगतो असे त्यात नाही, तुम्ही बोला असे आहे.

१९८४ साली मुंबईत आणखी एक पाऊल पडले. टाटा समाजविज्ञान संस्थेने थेट मुंबई पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या जागेत, पण बसलेल्या मात्र समाजकार्य शिकलेल्या कार्यकर्त्या. कारण मार खाल्लेली बाई शेवटी पोलिसांकडेच जाते आणि तिथे तिला बहुधा ऐकायला मिळते, घरचे भांडण घरात मिटवा. या कक्षात आधी तिचे सगळे ऐकून घेत, मग तिच्या सांगण्याप्रमाणे नवऱ्याला बोलावणे, तक्रार नोंदवायला मदत करणे, निवारा शोधणे हे होई. पुढे महाराष्ट्र शासनाने ही पद्धत स्वीकारली आणि राज्यात इतर जिल्ह्यांतही असे कक्ष सुरू केले.

२००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झाले. मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून ते उभे केले. पोलिसांकडे न जाणारी बाई दवाखान्यात तरी येतेच. 'न्हाणीत पडले' असे सांगते. नर्सबाईंना शिकवले गेले की ती जखम नुसती बांधू नका, बाजूला घेऊन हळूच विचारा. आणि तिला पहिले वाक्य सांगा, यात तुझी चूक नाही.

इथे एक गाठ सोडवावी लागली. वर्षानुवर्षे आपल्याकडे बाईची 'समजूत घालणे' म्हणजे तिला परत नांदायला पाठवणे. गावातल्या बैठकीत बसणारे पंच बहुतेक वेळा दोन्हीकडचे नातेवाईकच. समुपदेशनही तसेच, तडजोड करण्यासाठी आहे, असे पुष्कळांना वाटे आणि अजून वाटते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. न्यायालयाने नेमलेली समुपदेशक त्या दोघांपैकी कोणाची नातेवाईक नसावी. आणि समुपदेशनात बसलेल्या पुरुषाला 'ती उलट बोलली म्हणून मारले' असे मारहाणीचे समर्थन करता येणार नाही. म्हणजे आधी बाईची सुरक्षा, नंतर बाकीचे बोलणे. नांदायचे की नाही, हे तिने ठरवायचे.

तुम्ही म्हणाल, पुणे-मुंबई झाली, आमच्यासारख्या डोंगराआडच्या गावात हे कसे व्हायचे? त्याचेही उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले. तिथे १९९६ साली संगाथ ही संस्था सुरू झाली. मनाचे डॉक्टर थोडे आणि दुःखी माणसे फार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी ठरवले, साध्या स्थानिक माणसांनाच शिकवू. मनोविकाराचे कोणतेही शिक्षण नसलेली, आपल्यासारखी कोकणी-मराठी बोलणारी माणसे निवडली. त्यांना काही आठवडे वर्गात आणि मग काही महिने प्रत्यक्ष कामावर शिकवले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले.

तिथे येणारी बाई 'मी उदास आहे' असे म्हणत नसे. झोप नाही, अंग दुखते, टेन्शन आहे, असे म्हणे. आपणही असेच म्हणतो. समुपदेशक सहा ते आठ वेळा तिच्याशी बोलत, केंद्रावर किंवा तिच्या घरी. पद्धत सोपी होती. मन खचले की माणूस एकेक काम, एकेक भेट सोडून देते. घराबाहेर पडत नाही, म्हणून आणखी खचते. हे चक्र उलटे फिरवायचे. पुढच्या आठवड्यात तू कोणती एक छोटी गोष्ट करशील, असे विचारायचे. संध्याकाळी शेजारणीकडे जाऊन बसेन, परसात दोन अळू लावेन, शिवणाचे राहिलेले काम काढेन. काय करायचे ते तिने ठरवायचे, आणि पुढच्या वेळी ते जमले का याची विचारपूस व्हायची. जमले नाही तर रागवायचे नाही, अडले कुठे ते दोघींनी शोधायचे.

याचा उपयोग होतो का, हेही त्यांनी मोजून पाहिले. दहा आरोग्य केंद्रांतल्या, मन फार खचलेल्या ४९५ जणांचे दोन गट केले. एका गटाला डॉक्टरांचे नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत हे समुपदेशन. तीन महिन्यांनी नुसत्या उपचारांच्या गटात शंभरातले ३९ जण त्या आजारातून बाहेर आले होते. समुपदेशन मिळालेल्या गटात ६४. दारू जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठीही त्यांनी असेच समुपदेशन केले आणि त्याचाही फायदा दिसला. हे समुपदेशक परवानगीने रेकॉर्ड केलेली एकमेकांची बोलणी ऐकत आणि कुठे चुकले, कुठे मध्येच तोडले, हे एकमेकांना दाखवत. म्हणजे ऐकणे ही उपजत कला आहे म्हणून कोणी सोडून दिले नाही. भाकरी थापायला शिकावे तसे ते शिकले.

आफ्रिकेत झिंबाब्वे देशाच्या हरारे शहरात २००६ पासून हेच काम आज्या करतात. तिथल्या एका मनोविकारतज्ज्ञांच्या तरुण रुग्णाने जीव दिला, कारण दवाखान्यात यायला बसभाड्याचे पैसे तिच्या घरात नव्हते. मग डॉक्टरांनी वस्तीतल्या आज्यांना शिकवले आणि आरोग्य केंद्राबाहेर लाकडी बाके टाकली. बाकावर आजी बसते आणि बोलायला आलेल्याचे ऐकते. ओरोसला जायला एसटीचे पैसे आणि अख्खा दिवस घालवणाऱ्या आपल्या बायकांना हे बाक लगेच कळेल.

मग आपल्या गटात कोणी 'नको झाला' म्हणाली तर काय करायचे? तिला चारचौघींतून बाजूला घ्यायचे. "बोल गो, मी आयकतंय," एवढे म्हणून गप्प बसायचे. आपली कहाणी मध्ये आणायची नाही. जीव नको असे वाटते का, हे सरळ विचारायचे: "तुका जगूक नको असा वाटता काय?" विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही भीती खरी नाही. उलट विचारले की बाईला वाटते, कोणीतरी ओळखले. ती 'हो' म्हणाली तर तिला एकटी सोडायचे नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचे. अशा वेळी तिच्या जिवासाठी जेवढे सांगावे लागेल तेवढेच, योग्य माणसालाच सांगायचे. एरवी तिचे बोलणे आपल्या पोटात राहिले पाहिजे. ते विहिरीवर किंवा काजूच्या बागेत गेले, तर पुन्हा कोणी बोलणार नाही.

काही घरे पोलीस केसच्या भीतीने गोष्ट लपवतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर फार मोठा ताण होता असे धरून त्याला शिक्षा करू नये, उलट उपचार आणि आधार द्यावा, असे तो सांगतो. तेव्हा दवाखान्यात नेताना घाबरायचे कारण नाही.

आणि आपल्याला झेपत नसेल, तर फोन आहे. २०२२ साली सुरू झालेली सरकारी टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतही फुकट बोलते. बाईवर अत्याचार होत असेल तर १८१, लगेच पोलीस हवे असतील तर ११२. हे तीन क्रमांक बचत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.

आमच्या त्या मैत्रिणीकडे मग आम्ही दोघीच गेलो. ती सासूचे कपडे धूत होती. आम्ही पायरीवर बसलो आणि या वेळी फक्त विचारले. ती दीड तास बोलली. आम्हाला ठाऊक आहे असे वाटत होते त्यातले अर्धे चुकीचे होते. तिला सगळ्यात जास्त खात होती ती दारू नव्हे, तर मुलीला दहावीनंतर शाळेतून काढायचे असे घरात चाललेले बोलणे. त्यावर काय करायचे ते तिच्या मनात तयार होते. ते मोठ्याने म्हणायला तिला कोणी मिळाले नव्हते. निघताना तिने आम्हाला काळा चहा दिला. पुढच्या बैठकीला ती आली आणि हप्त्याच्या वहीवर सही करून सगळ्यात शेवटी उठली.

तिचा नवरा अजून पितो. सगळे सुटलेले नाही. पण मुलगी शाळेत आहे आणि ती बाई आता पायरीवर एकटी नसते.